एक कमी पाचशे

"पाचशे म्हणजे पाचशेच ना, भाऊसाहेब? एकदा फ्लेक्स छापला की परत बदलता यायचा नाही."

शिवतेज मोबाइलवरचं चित्र अनंतरावांच्या चष्म्यासमोर धरून उभा होता. चित्रात लालासाहेब फडतरे खांद्यावर बॅट टाकून उभे होते. त्यांच्या डोक्यामागून सूर्यकिरणं निघत होती आणि छातीवर सोनेरी अक्षरांत '५०० हिट्स' असं लिहिलेलं होतं. खाली साताऱ्याच्या बेसबॉल क्लबातल्या अठरा जणांचे फोटो होते. शिवतेज क्लबचा कर्णधार, म्हणून त्याचा फोटो जरा मोठा.

"चारशे नव्व्याण्णव," अनंतराव म्हणाले.

"आज आहेत. रविवारी सांगलीत एक होईलच की."

"झाली की छापा."

"झाली की छापा म्हणजे फ्लेक्सवाल्याला प्रिंटर घेऊन मैदानात बसवू का?"

अनंतराव केळकर भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला. बांध एक फूट इकडे की तिकडे, यावरून भावाभावांना वर्षानुवर्षं अबोला धरताना त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे 'जवळपास' या शब्दाशी त्यांचं जमत नसे. पंधरा वर्षांपूर्वी ते सकाळचं फिरायला म्हणून मैदानावर गेले असताना कुणीतरी त्यांच्या हातात कागद आणि पेन्सिल देऊन "जरा आमचा स्कोअर लिहिता का?" असं विचारलं. तेव्हापासून क्लबचा एकही सामना त्यांच्या वहीबाहेर झालेला नव्हता.

त्याच सकाळी, त्याच मैदानावर लालासाहेब पहिल्यांदा क्लबकडून खेळले होते. फौजेतून हवालदार म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. पलटणीतल्या एका मणिपुरी सुभेदारानं त्यांना हा खेळ शिकवला होता. आता ते एक्कावन्न वर्षांचे होते, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर मुकादम होते, आणि त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान पोरं अजून त्यांच्याकडून बॅट कशी धरायची ते शिकत होती.

बेसबॉलमध्ये चेंडू मारून, समोरच्याची काही चूक न होता पहिल्या बेसवर पोचलं की एक हिट. ऐकायला सोपं आहे. पण हा खेळ असा आहे की दहा वेळा बॅट घेऊन उभं राहायचं, त्यातून सात वेळा मान खाली घालून परत यायचं, आणि तरीही लोकांनी म्हणायचं, काय खेळतो हा माणूस. लालासाहेबांच्या चारशे नव्व्याण्णव हिट होत्या, याचा अर्थ ते अकराशेहून जास्त वेळा रिकाम्या हातानं परत आले होते आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच ऐटीत जाऊन उभे राहिले होते. हे पूर्ण माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो आत्ता शिवतेजला फ्लेक्स छापू नको म्हणून सांगत होता.

शिवतेजनं फ्लेक्स छापला.

रविवारी सांगलीच्या मैदानावर सगळा जामानिमा सज्ज होता. हलगीवाले होते, फेटा बांधणारा होता, साताऱ्याहून नेलेले पाच किलो कंदी पेढे होते. प्रमुख पाहुणे म्हणून पंचायत समितीचे माजी सभापती नानासो आले होते. त्यांना साडेअकराला एका लग्नाला पोचायचं होतं, त्यामुळे आल्या आल्याच त्यांनी शिवतेजला बाजूला घेतलं. "त्ये पाचशेचं जरा लवकर उरकता आलं तर बघा."

आणि आश्चर्य म्हणजे ते लवकर उरकलं. लालासाहेब पहिल्याच खेपेला बॅट घेऊन उभे राहिले आणि दुसराच चेंडू त्यांनी असा कडकडीत मारला की आवाज ऐकून बाहेर रस्त्यावरचा एक दुचाकीवाला थांबला. चेंडू जमिनीवरून सरळ दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागी गेला. तिथं सांगलीचा बिरदेव उभा होता. चेंडू त्याच्या हातमोज्यात शिरला, बाहेर आला, त्याच्या गुडघ्यावर आपटून घरंगळला. तो हातात येईपर्यंत लालासाहेब पहिल्या बेसवर पोचले होते.

हलगी कडाडली. फटाक्यांची माळ लागली. पंचांनी खेळ थांबवला, कारण फटाक्यांच्या धुरात चेंडू टाकणाऱ्या पिचरला समोरचा कॅचर दिसेना. लालासाहेबांना पहिल्या बेसवरच फेटा बांधण्यात आला. नानासोंनी माइक हातात घेऊन भाषण केलं. "लालासाहेबांनी आज पाचशे धावा काढून आपल्या सगळ्यांची मान उंचावली. शंभर काढताना भल्याभल्यांची दमछाक होती, यांनी पाचशे काढल्या, आन त्याबी नाबाद." कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं, पण ते रंगात आले होते. एका वर्तमानपत्राच्या वार्ताहरानं फोटो काढला, नाव विचारून घेतलं आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेला. पेढे दोन्ही संघांत वाटले गेले. नानासोंनी दोन खाल्ले आणि ते लग्नाला गेले.

मग मानपत्रावर स्कोअररची सही घ्यायला शिवतेज अनंतरावांच्या टेबलापाशी आला. अनंतराव मघापासून एक बोट वर करून बसले होते. शाळेत मुलं बसतात तसे. त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"सही करा, भाऊसाहेब."

"ही हिट नाही. एरर आहे."

शिवतेजच्या तोंडात पेढा होता. तो त्यानं तसाच गिळला. "काय म्हणताय?"

"चेंडू सरळ बिरदेवच्या हातात होता. त्याच्याकडून सुटला. शॉर्टस्टॉपची चूक. तसं मी लिहिलंय."

"भाऊसाहेब, फेटा बांधून झालाय."

"दिसतोय मला."

"पाव्हणं भाषण करून गेलं. पाच किलो पेढं संपलं. आणि तुमी आता सांगताय?"

"मी बोट वर केलं होतं."

गर्दी जमली. कुणीतरी बिरदेवला बोलावून आणलं. बिरदेव भला मुलगा होता, त्याला वाटलं आपण एका थोर खेळाडूच्या आड येतोय. "काका, बॉल लय जोरात आला हो. कुणालाबी आवरला नसता," तो म्हणाला.

अनंतरावांनी वहीची मागची पानं उलटली. "गेल्या दोन वर्षांत आमच्याविरुद्ध खेळताना असे सतरा चेंडू तुझ्याकडे आले. सतराच्या सतरा तू अडवलेस. त्यातले चार तर याहून अवघड होते. कऱ्हाडच्या सामन्यात एक तू उलट्या हातानं घेतलास, मी त्याच्यापुढं चांदणी काढून ठेवली आहे."

बिरदेवनं वाकून चांदणी पाहिली. आपल्या खेळाची नोंद परक्या गावच्या वहीत कुणी ठेवली असेल, असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मग तो म्हणाला, "म्हंजे चुकलंच माझं. सुटायला नको हुता."

लालासाहेब अजून पहिल्या बेसवर फेटा घालून उभे होते. बेस सोडला तर बाद होऊ, या सवयीनं एक पाय बेसवरच ठेवून ते ओरडले, "काय म्हंत्यात भाऊसाहेब?"

शेवटी शिवतेजनंच जाऊन सांगितलं. लालासाहेबांनी टेबलाच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग दोन्ही हातांनी फेटा उतरवला, शिवतेजकडे दिला आणि डोक्यावर टोपी चढवली.

"चला, खेळ सुरू करा," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना तीन वेळा संधी मिळाली. एकदा सांगलीचा पिचर इतका बावरला की त्यानं चार चेंडू बॅटपासून लांब टाकले आणि लालासाहेबांना फुकटचा बेस मिळाला, पण फुकटच्या बेसला हिट म्हणत नाहीत. दुसऱ्यांदा त्याच पिचरनं, मोठ्या मनानं, लहान मुलाला टाकावा तसा एक चेंडू अलगद टाकला. लालासाहेबांनी तो सोडून दिला. "गड्या, तुझा न्हेमीचा टाक," ते म्हणाले. त्यानं नेहमीचे टाकले आणि तीन चेंडूंत त्यांना बाद केलं. तिसऱ्यांदा त्यांनी चेंडू इतका लांब मारला की सगळे उठून उभे राहिले. अगदी कुंपणापाशी धावत जाऊन एका पोरानं तो झेलला. सामना सातारा जिंकला, पण जिंकल्यासारखं कुणालाच वाटलं नाही.

परतीच्या गाडीत अनंतरावांशेजारी कुणी बसेना. कऱ्हाड मागं पडल्यावर लालासाहेब उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"भाऊसाहेब, बॉल खरंच त्याच्या हातात हुता?"

"होता."

"मंग बराबर हाय," लालासाहेब म्हणाले आणि साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रकरण तिथं मिटलं असतं. पण सोमवारी सकाळी वर्तमानपत्रात लालासाहेबांचा फेटा बांधलेला फोटो आला. वर मथळा होता, 'फडतरे यांच्या पाचशे धावा'. आणि शिवतेजच्या मित्रांना कुणी काहीच न कळवल्यामुळे त्यांनी तो सूर्यकिरणांचा फ्लेक्स लालासाहेबांच्या गावात, माळवाडीच्या चौकात रातोरात लावून टाकला होता.

लालासाहेब कामावर गेले तर फाटकावरच मॅनेजरसाहेब पुष्पगुच्छ घेऊन उभे. "साहेब, एक कमी हाय," लालासाहेब म्हणाले.

"कमी काय, आम्हाला तर जास्तच वाटतात," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

संध्याकाळी सोसायटीत सत्कार. लालासाहेबांनी माइकवर स्वच्छ सांगितलं, "मंडळी, माझ्या पाचशे झालेल्या न्हाईत. चारशे नव्व्याण्णव हायत." पुढं बसलेले एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, एवढं मोठं काम करून माणूस किती नम्र हाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. बुधवारी गावच्या शाळेत त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तर मुख्याध्यापिका पल्लवीबाईंनी मुलांना सांगितलं, "मोठेपणा कसा असतो ते पाहा. एवढं यश मिळालं तरी काका स्वतःकडे एक कमीच घेतात." जितकं ते खरं बोलत, तितका त्यांचा मान वाढत होता.

लालासाहेबांचं जेवणावरून लक्ष उडालं. सरहद्दीवर सतरा वर्षं काढलेला माणूस, पण चौकातून जाताना स्वतःचाच फ्लेक्स दिसू नये म्हणून ओढ्याकडच्या वाटेनं जाऊ लागला.

"आवं, आसं चोरावाणी का फिरताय?" त्यांच्या बायकोनं, राहीबाईंनी, विचारलं.

"चोरच हाय मी. एका हिटंचा."

गुरुवारी संध्याकाळी ते अनंतरावांच्या घरी गेले. अनंतरावांच्या पत्नी गोदावरीबाईंनी चहा ठेवला. लालासाहेब बराच वेळ कपाकडे बघत बसले.

"भाऊसाहेब, मी तुमच्याशी कवा भांडलो न्हाई. पर ह्या आठवड्यात मला कुठं तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई. खरं सांगितलं तर कुणी ऐकंना, आन गप बसलो तर मला झोप यीना."

गोदावरीबाईंनी आतून खोडरबर आणलं आणि वहीशेजारी ठेवलं. "सोमवारपासून हेही धड जेवलेले नाहीत. एक शब्द खोडायचा आणि एक लिहायचा. दोन घरं सुखानं जेवतील."

अनंतरावांनी वही उघडली. सांगलीचं पान काढलं. खोडरबर हातात घेतलं. लालासाहेब बघत होते. अनंतरावांचा हात पानावर थांबला आणि तिथंच राहिला.

"लालासाहेब," ते सावकाश म्हणाले, "तुमची पहिली हिट आठवते?"

"न्हाई बा."

अनंतरावांनी दुसरी, जुनी, कडा कुरतडलेली वही काढली. "ही बघा. तिसऱ्या बेसच्या बाजूनं, रेषेच्या आतून. त्याआधी तुम्ही सलग अकरा वेळा बाद झाला होता. लोक म्हणत होते, या फौजीला काढा. आणि ही एकशे बारावी. पायाला पट्टी बांधून खेळलात. ही दोनशे सत्तरावी, तुमचे वडील गेल्यानंतर महिन्याभरानं. त्या दिवशी तुम्ही मैदानावर कुणाशीच बोलला नव्हता. हे सगळं मी पाहिलंय. माझ्या आयुष्यात मी बघितलेली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे ही. उद्या कुणी म्हणेल, फडतऱ्यांच्या पाचशे हिट खऱ्या कशावरून? तर मला वही पुढं करता आली पाहिजे. यात एक खोटी घातली, तर बाकीच्या चारशे नव्व्याण्णव मी कुठल्या तोंडानं दाखवू?"

लालासाहेब जुन्या वहीचं पान बोटानं चाचपत राहिले. एकशे बारावीच्या शेजारी बारीक अक्षरांत 'पाय दुखत असूनही धावले' असं लिहिलेलं होतं. त्यांनी अनंतरावांच्या हातातलं खोडरबर अलगद काढून घेतलं आणि गोदावरीबाईंना परत दिलं.

"वैनी, ह्ये ठिवा आत. चहा गार झाला, जरा गरम करून द्या," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी साताऱ्याच्या मैदानावर एका कॉलेजच्या संघाशी साधा सरावाचा सामना होता. प्रेक्षक नव्हतेच. ज्यांना पाचशेवी बघायची होती, त्यांच्या मते ती केव्हाच झाली होती. फक्त राहीबाई आल्या होत्या, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. त्या सरळ अनंतरावांच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"आठ दिस जिच्यापायी घरात चूल नुसती जळती हाय, ती हिट कशी आस्ती त्ये बघाया आले," त्या म्हणाल्या.

पहिल्या खेपेला लालासाहेब बाद झाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी जिवाच्या आकांतानं बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या कुठल्यातरी भलत्याच भागाला लागला, 'टुक्' असा आवाज आला, आणि तो दमल्यासारखा वर चढून दुसऱ्या बेसच्या मागं खाली येऊ लागला. त्याच्याखाली तीन पोरं धावत आली. तिघंही हात वर करून थांबली. "तुझा," एक म्हणाला. "घे की," दुसरा म्हणाला. तिसरा नुसता दोघांकडे बघत राहिला. चेंडू तिघांच्या मधोमध, गवतात पडला आणि पडल्या जागी बसला.

लालासाहेब पहिल्या बेसवर पोचले. मैदानावर शांतता होती. अनंतरावांनी वहीत एक शब्द लिहिला, पेन्सिल खाली ठेवली, खुर्चीतून उठले आणि एकट्यानंच टाळ्या वाजवू लागले.

लालासाहेबांनी पंचांकडे वेळ मागितली आणि ते तरातरा टेबलापाशी आले. "भाऊसाहेब, काय लिवलंत?"

"हिट. पाचशे."

"आवं, ही कसली हिट? तिघांतल्या कुणीबी झोपंत पकडली आस्ती. ही एरर हाय."

"कुणाचा हात लागला नाही. हात न लागता तिघांच्या मध्ये चेंडू पडला, तर हिट. नियम आहे."

"पर लय घाण हिट हाय ओ."

"घाण आणि चांगली असे रकाने वहीत नाहीत."

"मागल्या रईवारी तेवढी झ्याक मारली, ती एरर. आन ह्यो मेलेला बॉल, ह्यो हिट?"

"हो."

"ही नका धरू. मी म्होरल्या खेपंला चांगली मारतो, मंग ती लिवा."

"लालासाहेब," अनंतराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "मागच्या रविवारी अख्खी सांगली म्हणाली तरी मी लिहिली नाही. आज तुम्ही म्हणालात तरी मी खोडणार नाही."

लालासाहेबांनी राहीबाईंकडे पाहिलं. राहीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनाही हसू फुटलं. आधी ओठांत, मग मिशीत, मग सगळं अंग हलायला लागलं. ते तसेच हसत पहिल्या बेसकडे परत गेले. कॉलेजच्या पहिल्या बेसवाल्यानं विचारलं, "काका, काय झालं?"

"पाचशे झाल्या माझ्या."

"त्या मागच्याच आठवड्यात झाल्या ना? पेपरात होतं की."

"व्हय, पर त्या पेपरातल्या," लालासाहेब म्हणाले आणि वळून टेबलाच्या दिशेनं हात हलवू लागले. अनंतरावांनीही हात हलवला. खेळ पुन्हा सुरू झाला होता हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. हात हलवता हलवता लालासाहेब बेसपासून तीन पावलं दूर आले. पिचरनं वळून चेंडू पहिल्या बेसकडे फेकला, त्या पोरानं तो झेलून लालासाहेबांच्या पाठीला हातमोजा टेकवला, आणि पंचांचा हात वर गेला.

"आता ह्ये काय झालं?" राहीबाईंनी विचारलं.

"बाद झाले."

"मंग ती पाचशेवी गेली?"

"छे. ती आता कुणाला काढून घेता येत नाही," अनंतराव म्हणाले. त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि पाचशेव्या हिटच्या शेजारच्या चौकोनात, पंधरा वर्षं लिहीत होते त्याच अक्षरात, लिहायला सुरुवात केली.

"आन ह्ये बी लिवताय व्हय?"

"झालं ना, म्हणून लिहितोय," अनंतराव म्हणाले.